अर्ध्या डिस्कवरची शाळा

तिला मुळात दोन डिस्क घ्यायच्या होत्या. "दोन कशाला? एकच मोठी घेऊ, तू तिचे दोन भाग कर," असं नवरा म्हणाला आणि ती नेहमीसारखी 'बरं' म्हणून मोकळी झाली. नंतर तिला सगळ्यात जास्त राग आला तो स्वतःच्या त्या 'बरं'चा.

भाग तिनेच पाडले, अख्खा रविवार घालवून. तो आर्किटेक्ट, ती माहितीपट करणारी. दोघांच्या कंप्युटरच्या सिस्टिम वेगळ्या. पहिला भाग त्याच्या नकाशांना, दुसरा तिच्या चित्रीकरणाला. तिचा भाग त्याच्या कंप्युटरला वाचता येणार नव्हता, त्यामुळे डिस्क जोडली की तो दर वेळी विचारणार, 'हा भाग फॉरमॅट करायचा का?' म्हणून तिने डिस्कवर चिठ्ठी चिकटवली: 'नाही म्हणायचं. कायम.' याहून सोपं करून सांगायचं तर पाटीवर गिरवूनच घ्यायला हवं होतं.

तिच्या भागात कर्णबधिर मुलांच्या एका शाळेची शेवटची दोन वर्षं होती. आता शाळा बंद झाली होती, इमारत पाडली होती, मुलं कुठे कुठे पांगली होती. कॅमेरा भाड्याचा, त्याची कार्डं पुसून परत केलेली. जे काही होतं ते या डिस्कवरच होतं.

बुधवारी दुपारी ती घरी आली तेव्हा नवरा खुशीत शीळ घालत होता.

"अगं, अर्धी डिस्क रिकामी पडली होती! ती माझ्या भागाला जोडून टाकली. जुने सगळे प्रोजेक्ट बसतायत बघ."

"रिकामी?"

"मला तर त्यात काहीच दिसत नव्हतं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पडद्यावर हिरवी पट्टी पुढे सरकत होती, आणि त्याची एकेक फाइल तिच्या मुलांवर जाऊन बसत होती.

"बंद कर ते."

"थांब जरा, दहाच मिनिटं राहिलीत."

तिने केबल उपटली.

"वेड लागलंय का तुला? माझी फाइल अर्धवट राहिली!"

"तुझी फाइल! चिठ्ठी वाचता येत नाही तुला?"

"चिठ्ठी फॉरमॅटबद्दल होती. मी फॉरमॅट कुठे केलं? मी डिलीट केलं."

यावर ती जे बोलली ते शेजाऱ्यांनी भिंतीपलीकडून नीट ऐकलं. बोलता बोलताच तिने डेटा परत मिळवून देणाऱ्या एका माणसाला स्पीकरवर फोन लावला.

"पुसलेलं परत मिळतं," तो म्हणाला, "पण ज्याच्यावर दुसरं काही लिहिलं गेलं तेवढं गेलं. कॉपी किती वेळ चालू होती?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"सकाळपासून," तो पुटपुटला.

तिने डिस्क रुमालात गुंडाळली आणि चपला पायात सरकवल्या. तो दारात आडवा आला. त्याचा चेहरा एवढासा झाला होता.

"अगं, पण होतं काय त्यात?"

दोन वर्षं ती दर शनिवारी त्या शाळेत जात होती आणि संध्याकाळी कॅमेरा खांद्याला लावून याच दारातून आत येत होती. तेव्हा तो एकदाही हे विचारायला उठला नव्हता.

"बाजूला हो," ती म्हणाली.