झाऊची कुड

ये लेका, बस इथी तलावाच्या बांधावर, पाळीवर. शेळी सोड तिकडं चरायले. तू बसला ना, त्याच जागेची गोठ सांगतो तुले.

जमीनदाराची मालगुजारी गेली अन् तलावाच्या पाळीले कोणी धनी राह्यला नाई. इथली माती खारी. उन्हाळ्यात पांढरं मीठ वर ये, पावसात माती गुळावानी विरघळे. बाभूळ लावली, मेली. करंज लावला, मेला. दरसाल पाळ इथीच फुटे, अन् मासोळ्या वैनगंगेत पळत.

आमी ढिवर, मासोळ्या धरनारे लोक. मोठा भाऊ वारला, तवा गोकुळा वहिनीनं नदीतून मडक्यात मासोळीचं जिरं, बारीक बारीक पिल्लं, आणून तलावात सोडलं. दोन लेकरं त्याच्यावरच जगाची होती. मासोळ्या रोकाव्या मनून तिनं नदीच्या रेतीतलं झाऊचं झुडूप तोडलं अन् इथी कुड विणली. आमच्यात काड्या सोलून रोवतात. वहिनीनं घाईत सालीसकट ओल्याच खोचल्या.

भैयाजी पाटलाचं धान पाळीखालीच. तो हासला, "काऊन वो गोकुळाबाई, तलावाले कोंबड्याचा खुराडा करून राह्यली का?"

"हाव. तुमी घुसान तं सांगा भाऊ, दार ठीवीन."

पोळ्याले पाहतो तं काड्याईले पालवी! मिठात! दोन पावसाळ्यात झाऊ माणसाएवढा झाला.

मंग आली मोठी झड. तलाव काठोकाठ. भैयाजी फावडा घेऊन पाळीवर आला.

"तिकडून पाळ कापतो. पाणी नाल्यात जाईन, माया धान वाचन."

"अन् माया मासोळ्या?" वहिनी फावड्यावर पाय देऊन उभी. "आधी हा झाऊ उपटून दाखवा, उपटला तं मीच पाळ कापून देईन."

तेवढ्यात भैयाजीचा पाय घसरला, गेला पाण्यात! वर आला तं दोन्ही हातानं झाऊ धरून. फांदी तुटत नाई, मूळ सुटत नाई. लटकून राह्यला बावा.

"वढ वो गोकुळाबाई!"

"आधी सांगा भाऊ, खुराडा मजबूत हाये का?"

"हाये वो माय, हाये!"

आमी साऱ्याईनं वढून काढला त्याले. झड थांबली, पाळ जागच्या जागी. धान वाचलं, मासोळ्या वाचल्या. आरमोरीच्या बाजारात वहिनीची टोपली दोघाले उचलत नोती! अन् भैयाजी? डोक्यावर झाऊचा भारा घेऊन आला सोता.

"बाई, कुठी खोचू?"

आता पाह्य, त्या टोकापासून या टोकालोक झाऊच झाऊ. पाळ फुटली नाई मंग कधी.

आता एक काम कर लेका. उठ, अन् तुई शेळी आवर. झाऊले तोंड लावून राह्यली ते.