टेकाडावरचा कोरडा माणूस

लोअर एल्बरीत माणसाचं कूळ-मूळ कोणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, की नदी घरात शिरली होती का. सेव्हर्न नदी ज्याच्या दिवाणखान्यात येऊन गेली तो गाववाला, बाकी सगळे पाहुणे. 'काळा हंस' पबात शेकोटीलगतचं टेबल या बुडालेल्या मंडळींचं. आपापल्या भिजलेल्या गालिच्यांची दुःखं ते अशी रंगवून सांगत, की ऐकणाऱ्याला स्वतःच्या कोरड्या गालिच्याची लाज वाटावी.

क्लेमंट पार्जेटरला ती लाज वर्षानुवर्षं वाटत होती. उभी हयात विम्याच्या कचेरीत गेलेला माणूस. घर घेताना त्यानं गावातलं एकुलतं एक टेकाड हेरलं, आणि तिथंच चुकला. चर्चच्या बागेत राबला, दर उन्हाळी जत्रेला तंबू ठोकले, पण पबात जागा मिळायची ती दाराशी, वाऱ्याच्या झोतात.

"काय क्लेमंट, वर हवापाणी कसंय? हवाच असेल म्हणा!" शेकोटीच्या टेबलावरून पर्सी ब्लाय विचारायचा, आणि तिथं हशा पिकायचा.

बायको गेल्यापासून तर क्लेमंटला त्या टेबलाची आसच लागली होती. घरी बोलायला कोणी नव्हतं.

यंदा फेब्रुवारीत नदी फुगली. सकाळी पाणी टेकाडाच्या पायथ्याशी आलं, मग फाटकाशी, मग पायरीवर. क्लेमंटनं दार सताड उघडलं आणि गालिचा उंबऱ्यापर्यंत ओढून घेतला.

"ये बाई, लाजू नकोस."

नदी दुसऱ्या पायरीवर घुटमळली आणि तिथंच थांबली. क्लेमंटला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

तेवढ्यात खालून हाक आली. हेस्टर गफ, शेकोटीच्या टेबलाची सर्वांत जुनी मानकरीण, नव्वदीला टेकलेली, कोंबडी काखोटीला मारून खाली आपल्या बुडालेल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बसली होती.

"मेल्या, नदीची मनधरणी कसली करतोस? होडी आण!"

त्यानं होडी नेली, म्हातारीला कोंबडीसकट वर आणलं, चहा टाकला. हेस्टरबाईंनी उघडं दार पाहिलं, ओढलेला गालिचा पाहिला.

"हे काय रे?"

क्लेमंटचे कान लाल झाले. "मला तुमच्यात बसायचंय, हेस्टरबाई. बाकी काही नाही."

बाई खुर्चीत टेकल्या, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट ओढून काढले आणि एकेक करून गालिच्यावर रिते केले. गाळ निघाला, शेवाळ निघालं, शेवटी बोटभर मासा निघाला.

पूर ओसरल्यावर शनिवारी पबात बाईंनी काठीनं क्लेमंटला शेकोटीपाशी बोलावलं.

"अहो, पण याच्या घरात नदी गेलीच नाही!" पर्सी उसळला.

"तुझ्याकडे ती आपल्या पायानं आली, याच्याकडे माझ्या बुटांतून. सरक तिकडे."

पर्सी सरकला. क्लेमंट बसला, घसा खाकरला.

"माझा गालिचा म्हणजे..." त्यानं सुरुवात केली, आणि सगळं टेबल ऐकायला पुढं झुकलं.