मास्तरांच्या बोटावरचा थेंब

मित्रांनो, मी एक जुनी हातशिलाईची सुई आहे. शिंपीमास्तरांच्या सदऱ्याच्या खिशाला टोचलेली असते, तेच माझं घर. काजं, बटणं, तुरपाई सगळं माझ्याकडे. "मशीनने हिच्यापुढे पाणी भरावं," असं मास्तर म्हणायचे, तेव्हा मी आणखीच चमकायचे.

काम करताना मी कधीमधी मास्तरांच्या बोटात घुसायचे. ते बोट तोंडात घालायचे आणि पुढचं बटण लावायचे. मागच्या वर्षी मात्र जखम भरेना. बोट पिकलं. मास्तरीणबाईंनी सगळं खापर माझ्यावर फोडलं. "अहो, ती गंजकी सुई आधी फेकून द्या!"

गंजकी? मी? मास्तरांनी मला फेकलं नाही, पण हातातही घेतलं नाही. नुसती खिशाला लटकून राहिले.

डॉक्टरीणबाईंनी बोट पाहिलं आणि विचारलं, "तहान फार लागते का? रात्री सारखं उठावं लागतं? रक्तातली साखर तपासून घ्या."

मास्तरांना वाटलं, ही परीक्षाच आहे. त्यांनी चार दिवस गोडाला हात लावला नाही आणि उपाशीपोटी तपासणीला गेले. तिथे मी तिला पाहिलं. कोऱ्या वेष्टनातून निघालेली लांबसडक सुई! तिच्यासाठी मास्तरांनी बाही वर केली. लॅबमधल्या ताईंनी कापसाने जागा पुसली. माझा नुसता जळफळाट झाला. वर्षानुवर्षं मीही त्यांचं रक्त काढलं, माझ्यासाठी कुणी कापूस आणला होता का? जेवणानंतर दोन तासांनी रक्त द्यायला पुन्हा गेलो, तर तिची बहीण तयारच!

उपाशीपोटीचा आकडा थोडासाच वर निघाला. "बघा, काही नाही मला!" मास्तर म्हणाले. त्या लांबसडक सुईची फजिती झाली म्हणून मलाही बरं वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "मास्तर, उपाशीपोटीचा आकडा त्या सकाळचा. त्याच रक्तातून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरीही काढलीय. ती चार दिवसांच्या पथ्याने फसत नाही. ती बरीच जास्त आहे, जेवणानंतरची साखरही. तुम्हाला मधुमेह आहे. म्हणून जखम भरत नाही. सुईचा काही दोष नाही."

मास्तर ओशाळून हसले. "वरून कितीही इस्त्री केली, तरी कपडा उलटा केला की शिवण दिसतेच."

सुईचा काही दोष नाही! जिच्यावर मी जळत होते, तिनेच माझी अब्रू राखली. ती तर रक्त काढून झाल्यावर लगेच वापरलेल्या सुयांच्या डब्यात टाकली गेली होती. तरी खोटं कशाला बोलू, मित्रांनो, हेवा काही गेला नाही.

औषधं आणि पथ्य सुरू झालं, बोट बरं झालं, मी पुन्हा मास्तरांच्या हातात आले. परवा मास्तरीणबाईंनी पुढच्या तपासणीची आठवण करून दिली. "आता ठणठणीत आहे मी, कशाला जायचं?" मास्तर म्हणाले. मला हेच तर हवं होतं ना? तिच्याकडे जाणं नको, बाही वर करणं नको.

मित्रांनो, आपल्या माणसाची काळजी करायची, तर कधी कधी दुसऱ्याच्या दारात त्याला आपणच पाठवावं लागतं. मी बटणाच्या भोकातून सरळ वर आले आणि बोटात घुसले.

"आई गं!" मास्तर बोटावरच्या थेंबाकडे बघत राहिले. मग त्यांनी मला खिशाला टोचलं आणि चपला घातल्या.