चाक भिंगरीच्या हाती

भिंगरीच्या हाती बोटीचं चाक आलं आणि तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. कालपरवापर्यंत या बोटीवर तिला दोनच कामं होती: दोर गुंडाळायचे आणि "मध्ये येऊ नकोस" हे ऐकायचं. आज मात्र बाबांनी स्वतःची टोपी तिच्या डोक्यावर ठेवली. ती पार कानांवर उतरली, पण कुणाला फिकीर!

"बसा बसा मंडळी, कप्तान निघाल्या!"

मंडळी म्हणजे बाबा आणि आत्या. आत्या बाबांची थोरली बहीण. समोरच्या टोकावर दीपगृह आहे ना, त्याच्या पायथ्याच्या घरात ती वाढली, कारण आजोबा तिथला दिवा सांभाळायचे. ते घर सुटलं तेव्हा बाबा पाळण्यात होते, त्यांना काडीचंही आठवत नव्हतं. आणि उद्या ते घर पाडणार होते. एकदा, फक्त एकदा आत जाऊन यायचं, म्हणून आत्या दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून बोटीत चढली होती.

"सरळ टोकाकडे जायचं," बाबांनी बजावलं. "भरती आहे तोवरच खाडीत शिरता येतं. पाणी उतरलं की तोंडावरची वाळू वर येते, मग बसा बाहेर बोंबलत." एवढं सांगून ते खाली इंजिनापाशी गेले. पंप सकाळपासून कुरकुरत होता.

या बोटीचा एक नियम होता. चाक ज्याच्या हाती, तोंडही त्याचंच. मागे एकदा बाबा आणि आत्याचे यजमान एकाच वेळी "डावीकडे!", "उजवीकडे!" असे ओरडले होते आणि बोट नाकासमोर जाऊन धक्क्यावर आपटली होती. तेव्हापासून घरात मिठापासून लग्नापर्यंत सगळीकडे नाक खुपसणारी आत्यासुद्धा बोटीत पाय ठेवला की मुकी व्हायची.

अर्धी वाट सरली असेल नसेल, आणि पाण्यातून काळीभोर पाठ उसळली. मग दुसरी. मग एक पिल्लू!

"आत्याऽ डॉल्फिन! अगं बघ ना! जरा वळू का तिकडे?"

आत्याने आधी डॉल्फिनकडे पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे, मग भिंगरीकडे. "चाक तुझ्या हातात आहे, बाई."

झालं! भिंगरीला होकारच वाटला तो. तिने एक फेरी मारली, मग आणखी एक, मग पिल्लाच्या मागे तिसरी, आणि तासभर कधी सरला तिला कळलंच नाही. टोपी उडता उडता राहिली. असं वळण बाबांनासुद्धा जमलं नसतं, असं तिला वाटलं. आत्या कठडा धरून हसत होती. हसत होती म्हणजे, तोंड हसत होतं.

बाबा काळे हात पुसत वर आले तेव्हा टोक आलं होतं. आणि खाडीच्या तोंडावर पांढऱ्या लाटा फुटत होत्या. त्यांच्या मधोमध वाळूची ओली पाठ वर आलेली.

"एवढा वेळ कुठे होतो आपण?" बाबांनी विचारलं.

भिंगरीने मागे बांधलेल्या छोट्या होडीकडे बोट दाखवलं. "बाबा, छोटी होडी सोडू या? मी वल्हवते."

"त्या लाटांत? उलटेल. आणि पलीकडे कमरेइतका चिखल आहे, हिच्या गुडघ्यांनी होणार आहे का ते?"

"मग पुढच्या भरतीला!"

"ती काळोखात. या दगडांत काळोखात नाही शिरायचं." बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी नांगर टाकला. आत्याने दुर्बीण डोळ्यांना लावली. घराशेजारी ते पाडायचं पिवळं यंत्र आधीच येऊन उभं होतं.

"तू ओरडली का नाहीस गं?" भिंगरीने तिची बाही ओढली. "नियम गेला खड्ड्यात! एक धपाटा घालायचास मला!"

"नियम कुठला घेऊन बसलीस," आत्या दुर्बीण न काढताच म्हणाली. "तुझा चेहरा इतका फुलला होता. म्हटलं, होईल वेळेत. मलाही वाटलं गं, होईल."

थोड्या वेळाने ती पुटपुटली, "आईची चूल डाव्या हाताला होती. का उजव्या? खिडकी तर दिसतेय, पण त्या खिडकीत कोण बसायचं, मी की माझी आजी..." तिने दुर्बिणीची काच पदराने पुसली. "आत पाऊल टाकलं असतं ना, तर पायांनी सांगितलं असतं."

भिंगरीने टोपी काढून बाकावर ठेवली आणि आत्याला अगदी खेटून बसली. "सॉरी" हा शब्द तिने शाळेत दिवसातून दहादा वापरला होता. तो इथे फारच हलका पडला असता.

"निघू या?" बाबांनी हळूच विचारलं.

"आत्या म्हणेल तेव्हा," भिंगरी म्हणाली.

आत्याने दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली. पाणी उतरत राहिलं, आणि बोट घरापासून आणखी थोडी मागे घ्यावी लागली.