शेवटचा चौक

शाहीर कानिफनाथाने बजरंगवर पोवाडा रचायला घेतला तेव्हा सविताला बरंच वाटलं होतं. बजरंग तिचा धाकटा भाऊ. मागच्या उन्हाळ्यात मिरजगावच्या मळ्यात विहिरीत पडून गेला. मोटर बघताना पाय घसरला असं सगळे मानत होते आणि आई, मालनबाई, त्याच समजुतीवर तग धरून होती. त्या दिवशी बजरंगचा फोन आला होता, ‘ताई, आत्ता ये, मला काय बी सुचंना’ म्हणत होता, हे सविताने फक्त नवऱ्याला, कानिफनाथाला, सांगितलं होतं.

तालमीत कानिफनाथ शेवटच्या चौकापाशी, पोवाड्याच्या शेवटच्या कडव्यापाशी, थांबायचा. अजून जमला नाही म्हणायचा. मागे उभी राहून ध्रुपदाची झील धरणाऱ्या सविताला तो हल्ली परका वाटू लागला होता.

पारनेरच्या स्पर्धेत ती मंचावर चढली आणि पहिल्या रांगेत तिला आई दिसली. कानिफनाथानेच गाडी पाठवून आणवली होती. कशाला, असं सविताने त्याला हळूच विचारलं.

“समोर आई पायजे,” डफावर थाप मारून बघत तो म्हणाला.

शेवटच्या चौकात कानिफनाथ गाऊ लागला: फोन वाजतो. भाऊ बहिणीला बोलावतो, बहीण जात नाही, भाऊ विहिरीच्या काठावर वाट बघत बसतो. मग उडी घेतो. सविता गायची थांबली. बाकीच्यांनी झील ओढून नेली. मालनबाई उठून चालायला लागली. माउलीला गहिवरून आलं असं समजून लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

पहिला नंबर आला.

“मी त्या दिवशी निघाले हुते,” सविता त्याला म्हणाली. “तालीम मोडू नको म्हनून तुमी अडवलं. ते का न्हाई गायलं?”

“त्यानं चौक ढिला पडला असता.”

संध्याकाळी दोघं मिरजगावला पोचले तेव्हा दार बंद होतं. सविताने हाका मारल्या. बऱ्याच वेळाने दार जरासं उघडलं.

“फोन आल्ता?” आईने विचारलं.

“व्हय.”

दार मिटलं. आतून कडी लागली.

मागे अंगणात कानिफनाथ काहीतरी पुटपुटत होता. आता तरी सासूची समजूत घालेल म्हणून सविताने कान दिला.

‘कडी’, ‘घडी’, ‘उडी’... तो यमक जुळवत होता.