ओढून पाहिलेली शिवण

माळ्यावरची ती निळी ताडपत्री टाकून दे, असं माझी मुलगी दर साफसफाईला म्हणते आणि दर वेळी मी तिला दुसरं काहीतरी काम लावून देते. ताडपत्री साधीसुधी नाही. मोठ्या पिंपाच्या आकारात शिवलेली आहे, सगळ्या शिवणींवर पिवळट मेण बसलेलं आहे आणि खाली, जिथे कडेची शिवण तळाला मिळते, तिथे मेणाचा एक गोळा चिकटलाय. त्या गोळ्यात अंगठ्याएवढा खड्डा आहे.

आपण ह्याच ताडपत्रीत जन्मलो हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे. शाळेत तिने ते इतकं सांगितलं की बाईंनी मला बोलावून खरं-खोटं केलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि स्वतःच्या पोटात बाळ असताना ऐकणं वेगळं. ह्या वेळी ती खाली काढलेल्या ताडपत्रीशेजारीच बसली, सुजलेले पाय लांब केले आणि म्हणाली, "सांग परत. आणि मसाला लावू नकोस."

मसाला मी कधीच लावला नाही. ते खातं आमच्या सासूबाईंचं होतं.

तेव्हा खाली शिंपीकामाचं दुकान आणि वर आमचं घर होतं. आज तिथे चष्म्याचं दुकान आहे, काचा आणि दिवे नुसते. पण मी त्या रस्त्याने गेले की मला अजून इस्त्रीखाली ओल्या कापडाचा येतो तो वास येतो. खाली मशीन सुरू झालं की वर मांडणीतल्या वाट्या बारीक किणकिणायच्या. मशीन थांबलं की घर एकदम बहिरं व्हायचं. गल्लीचे मास्तर ते माझे मामंजी. त्यांच्या तोंडात सदा टाचण्या, त्यामुळे बोलायची सोयच नव्हती. सासूबाई काज-बटणं करायच्या आणि दोघांच्या वाटचं बोलायच्या. नवरा बापाच्या हाताखाली कापणी करायचा. मी पोस्टात नोकरीला होते आणि मला सुईत दोरा ओवता येत नाही, हा त्या घरातला कायमचा विनोद होता.

मुलीच्या आधी मला एक बाळ झालं होतं. दवाखान्यात झालं, पूर्ण दिवसांचं होतं आणि रडलंच नाही. कुणाची चूक नव्हती. डॉक्टरीणबाईंनी मला परोपरीने समजावलं आणि मला ते पटलंही. पण तेव्हा घरच्यांना आत घेत नसत. नवरा दाराबाहेर, सासूबाई जिन्यात आणि मी आत अनोळखी माणसांत ती शांतता एकटीने ऐकत पडलेली. बाळ जगणं आपल्या हातात नसतं, हे मी कसंबसं गिळलं. एकटं असणं मात्र घशाखाली उतरलं नाही. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी घरात सांगून टाकलं, की ह्या वेळी जे काही होईल ते माझ्या माणसांत होईल.

पहिल्या वेळी मामंजींनी झबली शिवली होती. तलम कापडाची, अशा टाक्यांची की उलटी बाजू कुठली ते कळू नये. मी रिकाम्या हातांनी घरी आले त्या दिवशी ती कपाटात नव्हती. कुठे गेली, हे कुणी विचारलं नाही. मग मामंजी माझ्याशी जेवलीस का, दमलीस का, ह्यापलीकडे बोलेनासे झाले. दुसऱ्या वेळी त्यांनी झबल्यासाठी कात्रीच उचलली नाही. सासूबाईंनी एकदा विषय काढला तर टाचण्यांमधूनच म्हणाले, "आधी होऊ दे."

सुईणबाई सुचवल्या त्या डॉक्टरीणबाईंनीच. तपासण्या सगळ्या चांगल्या होत्या आणि दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता, म्हणून घरच्या बाळंतपणाला त्या तयार झाल्या. सुईणबाई उंचीने दाराच्या चौकटीला टेकतील अशा आणि बोलायला सरळ. बरोबर एक धाकटी सुईण असायची, ती फक्त हसायची आणि सगळं लक्षात ठेवायची.

"कोमट पाण्यात कळा सोसायला बऱ्या पडतात," सुईणबाई म्हणाल्या. "पण माझी एक अट आहे. बाळाचे ठोके मला आवडले नाहीत तर मी म्हणणार चला, आणि तुम्हीही म्हणायचं चला. तिथे वाद नाही."

"घरात सुया काय कमी होत्या, आता सुईणही आली," असं म्हणत सासूबाई चहा टाकायला गेल्या. त्यांची परवानगी ही अशी असायची.

टब म्हणजे सुईणबाईंचा लोखंडी नळ्यांचा सांगाडा. त्याचं आतलं अस्तर मात्र प्रत्येक घरी नवं घ्यावं लागायचं आणि ते तयार विकत मिळायचं. 'अस्तर' हा शब्द कानावर पडला आणि मामंजींनी तोंडातल्या टाचण्या काढून हातावर घेतल्या.

"शिंप्याच्या घरात अस्तर विकत आणायचं?"

मला तेव्हा त्यात नुसता हट्ट दिसला. त्यांना त्या खोलीत आपल्या हातचं काहीतरी हवं होतं, हे मला फार उशिरा कळलं. त्यांनी जाड निळी ताडपत्री आणली, सांगाड्याचं माप घेतलं, दुकानातली कामं मागे टाकली आणि शिवायला बसले. सुया मोडल्या, पण माणूस हटला नाही. मजबुतीसाठी सगळीकडे दुहेरी शिवण घातली. मग परीक्षा. एका टोकाला मामंजी, दुसऱ्या टोकाला नवरा, जमिनीत पाय रोवून दोघांनी ओढलं. सासूबाई मध्ये उभ्या राहून टाका हलतोय का ते बघत होत्या. टाका हलला नाही.

"भरून पाहिलंत?" सुईणबाईंनी विचारलं.

"ओढून पाहिलं," मामंजी म्हणाले, आणि ते इतक्या रुबाबात म्हणाले की पुढे कुणाची विचारायची छाती झाली नाही. तरी रविवारी एकदा भरून बघा, असं सुईणबाई जाताना सांगून गेल्या. मला कळा सुरू झाल्या त्याआधीच, गुरुवारी सकाळी.

आयुष्यभर ज्यांनी शिवण ओढूनच पारखली, त्या माणसांच्या डोक्यात दुसरी परीक्षा येणार कुठून? दुहेरी शिवण म्हणजे दुप्पट भोकं, हा हिशेब त्या घरात एकालाही सुचला नाही. मला सुचायला हवा होता म्हणाल, तर मी पोस्टातली.

दोन्ही सुईणी येऊन पोचल्या होत्या. नवऱ्याने न्हाणीघरातून नळी लावली, वर गरम पाण्याच्या कळश्या ओतल्या. पाणी गुडघाभर झालं आणि सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, ह्याला घाम फुटलाय." खरंच, प्रत्येक टाक्यावर एकेक थेंब उभा होता. थेंबांच्या धारा झाल्या. धारा जमिनीवरून फळ्यांच्या फटीत गेल्या आणि थोड्याच वेळात मामंजी जिना चढून वर आले, हातात कुणाचा तरी भिजलेला कोट. त्यांनी टबाकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातच्या कुठल्या कामाकडे त्यांनी असं पाहिलं नव्हतं.

"बाबा चिडला असेल," मुलगी मध्येच म्हणाली.

नवरा चिडला नाही, तो नुसता पुसत होता. जमीन कमी आणि स्वतःचा घाम जास्त.

सुईणबाई शांत होत्या. "पाणी नसलं तरी बाळ येतं. पलंग आहे, आम्ही आहोत." पण माझा धीर सुटला. तेवढ्यात आलेली कळ पाठीतून अशी निघाली की मला वाटलं, उसवायला लागलं की आता सगळंच उसवणार. मी नवऱ्याला म्हटलं, "मला दवाखान्यात ने. मला नाही जमायचं."

सुईणबाई माझ्यासमोर वाकल्या. "ठोके छान आहेत. जायचं असेल तर आत्ता जाऊ, काही कमीपणा नाही. फक्त मला सांगा, दुखतंय म्हणून जायचंय की भीती वाटतेय म्हणून?"

"दोन्ही," मी म्हटलं, आणि रडले.

तेव्हा मामंजी पुढे आले. माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेले, हातात ओला कोट आहे हे बघून थांबले. "पोरी," ते म्हणाले, "मला थोडा वेळ दे."

किती दिवसांनी त्यांनी माझ्याकडे काही मागितलं होतं. मी दिला.

मग जे झालं ते आठवलं की मला अजून हसू येतं आणि डोळेही भरतात. पाणी उपसलं, ताडपत्री उतरवून जमिनीवर पसरली, फडक्यांनी कोरडी केली. दोऱ्याला लावायचं मेण दुकानात असतंच, ते सगळं आलं. घरातल्या मेणबत्त्या आल्या. सासूबाईंनी ते पातेल्यात वितळवलं, नवरा कुंचल्याने शिवणींवर लावत गेला आणि मामंजी वर सुती फडकं ठेवून कोमट इस्त्री फिरवत गेले, म्हणजे मेण भोकाभोकांत उतरेल. कोटाची कॉलर बसवताना जशी जीभ दातांत धरायचे तशी धरली होती.

मला उभं राहायला बरं वाटत होतं, पण धरायला काही हवं होतं. नवरा कुंचल्यात अडकलेला. धाकट्या सुईणीने खालून दुकानातला पुतळा आणला, ज्याच्या अंगावर कोट चढवून बघायचे तो. बिनडोक्याचा, बिनहाताचा, रुंद छातीचा. कळ आली की मी त्याला मिठी मारायची आणि सुईणबाई माझी कंबर दाबून धरायच्या.

"असा नवरा मिळायला नशीब लागतं," सासूबाई पातेलं ढवळत म्हणाल्या. "उलट बोलत नाही, कुठे जात नाही."

"आई," नवरा म्हणाला, "मेण करपतंय."

मी कळेतही हसले. सुईणबाई म्हणाल्या, हसा, त्याने अंग सैल पडतं. आणि त्या गडबडीत माझ्या लक्षात आलं, की मी बराच वेळ घाबरलेली नाही.

टब पुन्हा भरला. शिवणी कोरड्या राहिल्या. फक्त खाली, जिथे तीन शिवणी एकत्र येत होत्या, तिथून बारीक धार सुटली. मामंजींनी उरलेलं मेण तळहातावर मळून गोळा केला, तिथे चिकटवला आणि अंगठ्याने दाबून धरला. धार थांबली. अंगठा काढला की पुन्हा सुरू.

मी पाण्यात उतरले आणि अंग असं सुटलं, की तोंडातून आपोआप "आई गं" निघालं. सासूबाईंना वाटलं त्यांनाच हाक मारली. त्यांनी माझा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. नवरा पाठीमागे बसून मला काखेतून धरून होता. आणि मामंजी? ते बाहेर जाणार होते, पण अंगठा जाऊ देईना. मग ते टबाला पाठ लावून, भिंतीकडे तोंड करून जमिनीवर बसले, एक हात मागे वळवून त्या गोळ्यावर. सुनेची लाजही राखली आणि पाणीही.

दुपारच्या उन्हाचा पट्टा खिडकीतून पाण्यावर आला होता. धाकटी सुईण पाण्याखाली यंत्र धरून ठोके ऐकवायची. ते ठोके खोलीत सगळ्यांना ऐकू यायचे, खालच्या मशीनसारखे, न थांबता. सुईणबाई म्हणाल्या, डोकं दिसतंय. मग म्हणाल्या, हात खाली न्या, तुमचं तुम्हीच घ्या. एका कळेसरशी ती आली आणि मी तिला पाण्यातून वर उचलून छातीवर घेतलं.

आणि ती रडली नाही.

खोलीत कुणी हललं नाही. तीच शांतता होती ती, मी तिला ओळखत होते. फक्त ह्या वेळी माझा हात सासूबाईंच्या हातात होता आणि नवऱ्याचा श्वास माझ्या मानेवर. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या माणसाला मात्र काहीच दिसत नव्हतं. तो नुसता ऐकत होता.

"रडलं का?" मामंजींनी विचारलं. त्यांचा आवाज त्यांचा वाटतच नव्हता.

"पाण्यातली बाळं कधी कधी सावकाश रडतात, मास्तर," सुईणबाई तिची पाठ टॉवेलने चोळत म्हणाल्या. "श्वास घेतेय. रंग छान येतोय. डोळे उघडे ठेवून बघतेय सगळ्यांना."

मग ती शिंकली. आणि शिंकेचाच राग आल्यासारखी अशी रडायला लागली, की तिने खालची गल्ली गोळा केली.

मामंजी तसेच बसून होते. त्यांचे खांदे हलत होते. सुईणबाई म्हणाल्या, "मास्तर, काढा आता हात."

"पाणी जाईल."

"जाऊ द्या हो," सासूबाई म्हणाल्या. "नात आलीय तुमची. वळा इकडे."

त्यांनी हात काढला, वळले, तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि जिना उतरून गेले. मला पलंगावर घेतलं, नाळ कापली, वार पडली. तिला टॉवेलमध्ये गुंडाळलं, कारण शिंप्याच्या घरात तिच्या अंगावर घालायला एक कपडा नव्हता.

तेवढ्यात खाली मशीन सुरू झालं. वाट्या किणकिणायला लागल्या. आम्ही सगळे ऐकत राहिलो. नवरा रडत होता आणि लपवतही नव्हता.

ऊन खिडकीतून उतरलं तेव्हा मामंजी वर आले. हातात झबलं होतं, पांढरं, तलम, उलटी बाजू कुठली ते कळू नये असं. सासूबाईंनी ते उचलून तिच्या अंगावर धरलं, तर ते तिच्या पायांच्याही खाली गेलं. बाह्यांत दोन बाळं मावली असती.

"अहो, हे वर्षाच्या पोरीचं झालं," सासूबाई म्हणाल्या. "उभ्या जन्मात तुमचं माप चुकलं नाही, आणि आज काय झालं?"

मामंजींच्या तोंडात टाचण्या नव्हत्या. त्यांनी झबल्याची कड बोटांनी सरळ केली.

"चुकलं नाही," ते म्हणाले. "वाढेल ती."