नावं विचारणारी होडी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी होडी आहे. वडगाव रासाईला भीमेच्या काठी, करंजाच्या सावलीत माझा मुक्काम असतो. शेवटची पाण्यात उतरले त्याला कितीतरी वर्षं झाली.

माझे नावाडी म्हाळूआबा. त्यांनी तरुणपणी सुताराकडून मला घडवून घेतलं आणि स्वतःच्या हातानं डांबर लावलं. या तीराला शिरूर तालुका, पलीकडे दौंड. पलीकडच्या राहू गावाला निघालेली माणसं, दुधाच्या किटल्या, शेळ्या, हळदीच्या अंगाची नवरी, सगळ्यांना आम्ही दोघांनी सुखरूप उतरवलं. आबांच्या होडीत पोटातलं पाणी हलत नाही, असं लोक म्हणत, तेव्हा मला फार बरं वाटे. पुढे पूल झाला. माझ्या फळ्यांना चिरा पडल्या. तरी आबा येत, माझ्या कडेवर हात ठेवून गप्पा मारत.

यंदा आबांना लकव्याचा झटका आला. जीव वाचला, पाय सावरले, पण बोलणं गेलं. सगळं कळायचं, शब्द मात्र ओठांवर येत नसे. त्यांना बोलतं करा, असं दवाखान्यात सांगितलं होतं. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत घरातलं कुणीतरी मायेनं विचारी, "पानी पायजे? ऊन लागतंय?" आबा नुसती मान हलवत. हळूहळू त्यांनी प्रयत्नच सोडला.

त्यांची नात भाग्यश्री शिरूरला शाळेत इतिहास शिकवते. एका रविवारी ती आबांना आणि आजी जाईबाईंना माझ्याजवळ घेऊन आली. आबांना माझ्या कडेवर बसवून गोष्ट सांगू लागली.

"आबा, लई जुन्या काळी इजिप्तमधले लोक मानायचे, मेल्यावर माणसाला पाणी ओलांडावं लागतं. पलीकडं ओसायरिस देवाचं राज्य. तिथं होडी असती, पण नावाडी झोपलेला. त्याला हाका मारून उठवायचं."

जाईबाई दचकल्या. "आगं, मरणाच्या गोष्टी कशाला काढती त्यांच्याम्होरं? आन् आपण कुठं मानतो आत्मा-बित्मा?"

"मानायचं न्हाई गं आजी, ऐकायचं. ती होडी परीक्षा घेती. दोर म्हणतो, माझं नाव सांग. मग म्हणायचं, तू अनुबिस देवाच्या केसांची बट. वल्हं विचारतं, खुंटा विचारतो. सगळी नावं सांगितली तरच पलीकडं जायला मिळतं."

मी थरारले. माझ्यासारखीच एक होडी, आणि तिच्या साध्या दोरालाही एवढा मान!

भाग्यश्रीनं माझं जुनं वल्हं उचललं. "आता मी नावाडी. आबा, ह्याचं नाव सांगा."

आबांचे ओठ हलले. आवाज फुटेना. न राहवून जाईबाई सांगायला निघाल्या, तशी भाग्यश्रीनं त्यांचा हात दाबला. आबांच्या कपाळावर घाम आला. माझ्या कडेवरची त्यांची पकड घट्ट झाली.

"व... वल्हं."

जाईबाईंनी पदर तोंडाला लावला. भाग्यश्रीनं दोर दाखवला. "दोर." खुंट्याला बराच वेळ लागला. फळीला तर ते आधी "पाट" म्हणाले, मग स्वतःच हसले आणि दुरुस्त केलं.

"पास झाला, आबा!" भाग्यश्रीच्या गालावरून पाणी ओघळत होतं. "नावाडी तयार हाय. चला, जायचं पलीकडं?"

आबांनी पलीकडच्या तीराकडे पाहिलं. मग जाईबाईंकडे.

"न्हाई," ते म्हणाले. "घरी."

तिघंही हसत सुटले. माझ्या चिरलेल्या फळ्यांवरचं ओझंही एकदम उतरलं.

मित्रांनो, आता आबा सकाळी येतात, अडखळत बोलतात आणि मी ऐकते. तुमच्या घरात कुणाचे शब्द असे अडत असतील, तर त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. त्यांच्याजवळ बसा आणि थोडं थांबा.